भोगवटा पत्रानंतर गाड्या मोजा

पुण्यात एखादा मोठा गृहप्रकल्प किंवा आयटी पार्क मंजुरीला जातो, तेव्हा त्याच्या फाइलीत वाहतुकीवरचा एक अहवाल असतो. आसपासच्या चौकांतून सकाळ-संध्याकाळ किती गाड्या जातात, प्रकल्प झाल्यावर त्यात किती भर पडेल, रस्त्याला किती झेपेल, असा सगळा हिशोब त्यात मांडलेला असतो. सुचवलेले उपाय केले तर वाहतूक सुरळीत राहील, असा निष्कर्ष शेवटी येतो. मग इमारत उभी राहते, भोगवटा पत्र, म्हणजे ती वापरायची परवानगी, मिळतं, माणसं राहायला किंवा कामाला येतात. त्या अहवालातला अंदाज खरा ठरला का, हे बघायला पुन्हा कोणीही जात नाही.

परवानगी घेताना वाहतुकीबद्दल दिलेला शब्द इमारत वापरात आल्यावर दरवर्षी गेटवर मोजला गेला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. किती गाड्या आत आल्या आणि त्यांतल्या किती एकट्या माणसाने आणल्या, हे मोजायचं. ते आकडे लोकांसमोर ठेवायचे. शब्द पाळला गेला नसेल तर त्याची भरपाई चौकात अडकलेल्या लोकांनी न करता इमारतीच्या मालकाने करायची.

असं काही आपल्या कायद्यात अजिबातच नाही, असं नाही. 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. अशा प्रकल्पांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2019 मध्ये प्रमाण अटी ठरवून दिल्या. त्यांतली वाहतुकीची अट मुळातून वाचण्यासारखी आहे. प्रकल्पाभोवतीच्या 5 किलोमीटर परिसरातल्या रस्त्यांची आजची स्थिती प्रकल्प झाल्यावरही टिकली पाहिजे, उलट सुधारली पाहिजे, आणि त्यासाठीचा आराखडा त्या परिसरात होऊ घातलेल्या बाकी सगळ्या बांधकामांचा एकत्रित भार धरून केला पाहिजे, असं ती सांगते. एवढं खरोखर पाळलं गेलं असतं तर वाघोली, खराडी आणि बावधनचे लोक आज जे भोगताहेत ते भोगावं लागलं नसतं. शिवाय अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, सादर करायचा असतो.

हे सहामाही अहवाल वाचून बघा. किती झाडं लावली ते सापडतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे प्रयोगशाळेतले निकाल सापडतात, हवेचे नमुने सापडतात. वाहतुकीच्या अटीसमोर मात्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं: अट मान्य, पालन केले जाईल. पाण्याच्या बाबतीत काय मोजायचं, कुठे मोजायचं आणि किती आलं तर नापास, हे ठरलेलं आहे. गाड्यांच्या बाबतीत यातलं काहीच ठरलेलं नाही, म्हणून 5 किलोमीटरची एवढी कडक अट एका ओळीत विरघळून जाते. अनेक मंजुरीपत्रांत दिसणारी दुसरी अट तर याहून बोलकी आहे. पार्किंग पूर्णपणे आवाराच्या आत असावं आणि त्यासाठी सार्वजनिक जागा वापरू नये, असं ती म्हणते. गाड्या किती आणता याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्या तळघरात मावल्या की झालं.

त्या तळघरातून रोज सकाळ-संध्याकाळ गाड्या रस्त्यावर येतात आणि रस्त्याला तळघर नसतं.

हिंजवडीकडे बघू. एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क टप्प्याटप्प्याने वाढलं. प्रत्येक कंपनी आपापली परवानगी घेऊन आली आणि प्रत्येकाच्या कागदावर प्रत्येकाचं पार्किंग नियमानुसार होतं. आत येण्याचे मुख्य रस्ते मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले: वाकडचा पूल, भूमकर चौक, बालेवाडी-म्हाळुंगेची बाजू. रस्ता एमआयडीसीचा, पलीकडची हद्द महापालिकेची, मधली गावं पीएमआरडीएकडे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, वाहतूक पोलिसांकडे. या सगळ्यांच्या बैठका होतात, पाहणी दौरे होतात, उड्डाणपूल आणि रुंदीकरण जाहीर होतं. पण कोणत्या इमारतीत रोज किती गाड्या येतात आणि त्यांतल्या किती गाड्यांत एकच माणूस असतो, हा इमारतवार आणि दरवर्षीचा आकडा लोकांना कुठे वाचायला मिळत नाही. तो नसल्यामुळे कोंडी सगळ्यांची होते आणि कोणाचीच होत नाही. कंपनी सरकारकडे बोट दाखवते, सरकार कंपनीकडे, आणि दोघं मिळून पावसाकडे.

मोजण्याची आपली सध्याची रीतही तपासायला हवी. वाहतूक अहवालांत गाड्या पीसीयूमध्ये, म्हणजे मोटारीच्या तुलनेत कोण किती जागा अडवतं या मापात, मोजतात. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 1990 ची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात मोटार 1 धरलेली आहे आणि बस रहदारीतल्या तिच्या प्रमाणानुसार 2.2 किंवा 3.7. रस्त्याची क्षमता काढायला हे माप ठीक आहे. पण याच मापाने प्रकल्पाचा परिणाम काढला की बस वाहतुकीची गुन्हेगार ठरते. चाळीस कर्मचाऱ्यांना घेऊन आलेली कंपनीची बस कागदावर दोन ते चार मोटारींएवढी भरते आणि तिच्यातले चाळीसजण कुठेच दिसत नाहीत. तेच चाळीसजण चाळीस मोटारींतून आले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या तक्त्यात उमटत नाही. वाहनं हलवण्यापेक्षा माणसं हलवणं महत्त्वाचं, हे केंद्राच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने 2006 मध्येच सांगितलं. मंजुरीच्या फाइलीत मात्र आजही वाहनंच मोजली जातात.

हे वेगळ्या प्रकारे करता येतं, याची उदाहरणं आहेत. सगळ्यांत स्वच्छ उदाहरण मला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं वाटतं. 2000 मध्ये सँटा क्लारा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, विद्यापीठाला मोठ्या बांधकामाची परवानगी दिली, ती एका अटीवर: गर्दीच्या वेळी, गर्दीच्या दिशेने होणाऱ्या मोटारींच्या फेऱ्या वाढता कामा नयेत. इमारती वाढू देत, माणसं वाढू देत, पण गाड्या पूर्वी होत्या तेवढ्याच. 2001 मधली मोजणी पाया धरली गेली. तेव्हापासून आवाराच्या सगळ्या वाटांवर दरवर्षी ठरलेल्या हंगामांत आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्या मोजल्या जातात. नुसत्या आरपार जाणाऱ्या आणि रुग्णालयात येणाऱ्या गाड्या वजा होतात. मर्यादा ओलांडली तर आसपासच्या चौकांच्या सुधारणेसाठी विद्यापीठाने पैसे द्यायचे.

ही अट आल्यावर विद्यापीठ कामाला लागलं. फुकट शटल बस वाढवल्या, कर्मचाऱ्यांना रेल्वेचे पास दिले, पार्किंगचे पैसे घेतले आणि पार्किंगचा परवाना न घेणाऱ्याला रोख रक्कम दिली. 2002 च्या सुमारास तिथले 72 टक्के कर्मचारी एकट्याने गाडी चालवत येत होते, ते प्रमाण पुढच्या दशकात पन्नाशीच्या आसपास आलं. कोणते उपाय करायचे, हे काउंटीने सांगितलं नव्हतं. तिने फक्त आकडा बांधून दिला आणि तो दरवर्षी तपासला. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. मंजुरीत सायकल स्टँड ठेवा, चार्जिंग पॉइंट ठेवा, अशा उपायांची यादी असते आणि त्यांतून काय साधायचं तो आकडा नसतो. सायकल स्टँड होतो. त्यात जुन्या कुंड्या ठेवल्या जातात.

स्टॅनफर्डजवळच माउंटन व्ह्यू शहरात नॉर्थ बेशोअर नावाचा भाग आहे, जिथे गूगलचं मुख्यालय आहे. आपल्या कित्येक मराठी मुलामुलींना तो कामामुळे चांगला ठाऊक असेल. त्या भागात शिरायला मुख्य रस्ते तीनच आहेत. 2014 च्या आराखड्यात शहराने ठरवलं की तिथे येणाऱ्यांपैकी एकट्याने गाडी आणणारे 45 टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, आणि त्या तीन रस्त्यांवर नियमित मोजणी सुरू केली. अरुंद तोंडाचा भाग असला की मोजणी सोपी होते. हिंजवडीचं आजवर दुखणं ठरलेलं वैशिष्ट्य मोजणीच्या कामी सोयीचं आहे.

अमेरिकेचं इथे कशाला, असं कोणी विचारेल, आणि विचारावंच. तिथली शहरं मोटारीभोवती बांधलेली आहेत. पुण्यात आजही मोठा वर्ग दुचाकीवर, पीएमपीच्या बसमध्ये, रिक्षात किंवा पायी असतो. म्हणून त्यांचं माप जसंच्या तसं आणून चालणार नाही. एकट्या माणसाची मोटार एवढंच मोजलं तर दुचाकीवरून चारचाकीत गेलेले लोक दिसतील, पण बसमधून दुचाकीवर गेलेले दिसणार नाहीत, आणि पुण्याची अर्धी कहाणी तीच आहे. 2018 मध्ये पुण्यातली नोंदणीकृत वाहनं शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांत बहुसंख्य दुचाकी होत्या. तेव्हा आपल्या मोजणीत एकट्याची चारचाकी आणि एकट्याची दुचाकी असे दोन वेगळे आकडे हवेत. शिवाय बस, कंपनीची गाडी, सामायिक कॅब, सायकल आणि पायी असं सगळ्यांनी मिळून किती माणसं आत आली, तेही हवं. तिथल्या शहरांना गाड्यांत घट दाखवायची आहे. आपल्याला आधी वाढ थांबवायची आहे, आणि जे आजही गाडीशिवाय येतात त्यांना त्या वाटेवर टिकवून धरायचं आहे.

हे शेवटचं कोणाबद्दल आहे, ते बघायचं तर सकाळी साडेनऊला कुठल्याही मोठ्या ऑफिस संकुलाच्या गेटवर उभं राहा. मोटार येते, काचेवरचं स्टिकर वाचलं जातं, दांडा वर जातो, गाडी थेट थंड तळघरात उतरते. तिथून लिफ्ट. बसने आलेली मुलगी रस्त्याच्या पलीकडे उतरते, दुभाजकाच्या फटीतून येते, मोठ्या गेटच्या कडेच्या अरुंद दारापाशी उन्हात रांगेत उभी राहते, बॅग तपासून घेते आणि मग मोटारींसाठी केलेल्या उतारावरूनच आत चालत जाते. सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कँटीनमधली माणसं सगळी याच दाराने येतात. ही माणसं रस्त्यावर एकाही गाडीची भर घालत नाहीत. पण संकुलाच्या आराखड्यात त्यांच्यासाठी एक दार आहे आणि गाड्यांसाठी तीन मजले. मोजणी माणसांची झाली, तर या दारातून किती लोक येतात ते पहिल्यांदा कागदावर येईल, आणि त्या दारासमोर बसथांबा, छप्पर आणि पट्ट्यांचं क्रॉसिंग मागता येईल.

मोजायला साधनं नाहीत, ही सबब चालणार नाही. जो दांडा मोटारीसाठी वर जातो तो प्रत्येक गाडीची नोंद ठेवतो. मोठ्या सोसायट्यांत पिझ्झा घेऊन येणाऱ्या मुलाची वेळसुद्धा ॲपवर नोंदली जाते. सुरक्षेसाठी हा सगळा तपशील जमतोच आहे. नंबर आणि नावं काढून टाकून त्यातली नुसती बेरीज महिन्याला महापालिकेकडे पाठवायची आहे. जोडीला वर्षातून दोनदा बाहेरच्या माणसांनी गेटवर उभं राहून गाडीत किती डोकी आहेत ते मोजायचं आणि कर्मचाऱ्यांना थोडके प्रश्न विचारायचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 1991 पासून मोठ्या कंपन्यांवर असं सर्वेक्षण बंधनकारक आहे. त्यात तुम्ही साधारणपणे कसे येता, असं विचारत नाहीत, गेल्या आठवड्यात सोमवारी कसे आलात, मंगळवारी कसे आलात, असं विचारतात. साधारणपणे म्हटलं की माणूस आपल्या चांगल्या सवयी सांगतो. सोमवार म्हटलं की खरं सांगतो. सिएटलच्या मध्यवर्ती भागात एकट्याने गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण 2010 मध्ये 35 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 2017 पर्यंत 25 वर आलं, आणि त्याच काळात तिथल्या नोकऱ्या वाढत होत्या. तिथे बस आणि रेल्वेही वाढली हे खरंच, पण वाढीचा उपयोग होतोय की नाही, हे कळायला हातात आकडे होते.

मोजणी विकसकाच्या पगारी सल्लागाराने करता कामा नये. पैसे विकसकाने किंवा संकुलाच्या मालकाने भरावेत, माणूस पालिकेने किंवा पीएमआरडीएने नेमावा, आणि निकाल इमारतीच्या नावासह संकेतस्थळावर यावा. यातून नवीन इन्स्पेक्टर राज येईल, ही भीती मला पटते, कारण भोगवटा पत्राच्या टेबलाशी काय चालतं ते सगळ्या शहराला माहीत आहे. म्हणूनच निकाल जाहीर असण्यावर माझा जोर आहे. बंद फाइलीतला आकडा बदलता येतो. शेजारच्या सोसायटीने आपल्या खिडकीतून मोजून ताडून बघता येईल असा आकडा बदलणं कठीण असतं.

आकडा चुकला तर काय करायचं? टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रकल्पात पुढच्या टप्प्याचं भोगवटा पत्र थांबवता येतं. पूर्ण झालेल्या संकुलात पैशाचाच मार्ग उरतो. सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचं संकलन, गांडूळखत यांसाठी पुणे महापालिका मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते. तीच रचना इथे लावता येईल. मर्यादेत राहिलेल्या संकुलाला सवलत आणि ओलांडणाऱ्याकडून अधिभार, जो त्याच भागातल्या पीएमपीच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवायचा.

बस नाही, मेट्रो वेळेवर येत नाही, मग लोकांनी करायचं काय, हा आक्षेप सर्वांत खरा आहे. पण तोच मोजणीच्या बाजूने जातो. एखाद्या संकुलाने आपल्या बस लावल्या, कामाच्या वेळा पुढेमागे केल्या, आठवड्यातून काही दिवस घरून काम दिलं आणि तरीही आकडा हलला नाही, तर दोष सार्वजनिक व्यवस्थेचा आहे हे त्यांना पुराव्यानिशी मांडता येईल. आज तेही मांडता येत नाही. खुद्द सरकारी नियम कुठे आडवे येतात तेही असंच उघड होईल. जानेवारी 2023 मध्ये राज्य सरकारने खासगी गाड्यांच्या ॲपवरच्या कारपूलिंगवर बंदी घातली आणि 2025 मध्ये त्यालाच धोरण करून परवानगी दिली. मधल्या काळात किती लोक भागीदारीतल्या गाडीतून एकट्याच्या गाडीत परतले, याचा हिशोब आपल्याकडे नाही.

पार्किंगचा मुद्दा टाळून यातलं काहीच होणार नाही. अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी कॅलिफोर्नियातल्या आठ कंपन्यांचा अभ्यास केला होता. तिथे फुकट पार्किंगऐवजी तेवढे पैसे रोख घेण्याचा पर्याय कर्मचाऱ्यांना दिल्यावर एकट्याने गाडी आणणारे 76 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर आले. पार्किंगची जागा होती तशीच होती. तिची किंमत दिसू लागली एवढंच. आपल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मात्र पार्किंगचं किमान प्रमाण ठरवून दिलेलं आहे आणि पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्या मर्यादेत, धरत नाहीत. म्हणजे गाडी ठेवायला जागा सक्तीची आणि विकसकाला एफएसआयच्या दृष्टीने फुकट. घरांच्या बाबतीत आपला पेच वेगळा आहे. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, आणि मोकळी पार्किंगची जागा विकसकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं, आणि ग्राहकाची लूट थांबवायला ते योग्यच होतं. त्यामुळे घर वेगळं आणि पार्किंग वेगळं विकण्याचं परदेशी सूत्र इथे सरळ बसत नाही. भाड्याने दिलेल्या ऑफिसांत तशी अडचण नाही, म्हणून सुरुवात तिथून व्हावी. आणि आत पैसे लावले की गाड्या बाहेर रस्त्यावर लागतील, हे उघड आहे. त्यासाठीचं पार्किंग धोरण पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने 2018 मध्येच मंजूर केलं. ते रस्त्यावर उतरवायचं धाडस कोणी केलं नाही.

ही मोजणी आत्ता का, तर मेट्रोमुळे. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत बांधणाऱ्याला आता 4 पर्यंत एफएसआय मिळू शकतो. त्यामागचा विचार असा की स्थानकाजवळ राहणारी आणि काम करणारी माणसं मेट्रोने जातील, म्हणून तिथे जास्त माणसं सामावून घेणं शहराच्या हिताचं आहे. विचार योग्य आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण ही जादा जागा आपण एका गृहीतकावर वाटतो आहोत आणि ते गृहीतक तपासण्याची तरतूद कुठेच नाही. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांवर असे टॉवर उभे राहताहेत, हिंजवडी ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मार्गावरही राहतील. त्यांतला माणूस खाली उतरून स्थानकाकडे वळतो की तळघरात जाऊन गाडी काढतो, यावर पुढच्या तीस वर्षांचं पुणे अवलंबून आहे. तेव्हा जादा एफएसआय देणाऱ्या पत्रातच एकट्याने आणलेल्या गाड्यांची मर्यादा, पहिल्या मोजणीची तारीख, मोजणारी संस्था आणि मर्यादा ओलांडल्यास भरायची रक्कम लिहिलेली असली पाहिजे, आणि ज्यांना ही अट मान्य नसेल त्यांनी नेहमीच्या एफएसआयमध्ये बांधावं.